तीन मिनिटं पुढे

तर काल कुठवर आलं होतं? मिनिटबाई शिडीवर, वरून तिसऱ्या पायरीवर. खाली डोळे तपासणीची रांग, आणि भिंतीवरचं घड्याळ खिळ्याला असं चिकटून बसलेलं की काही केल्या निघेना. रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत नुकतंच औषध घातलेलं. त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता, पण सल्ला चालूच होता, "डावीकडे घ्या बाई. अजून डावीकडे." आता म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून बाईंनी डावीकडे मान वळवली, आणि समोर सूचनाफलक आला.

त्या फलकाच्या काचेवर दिव्याची अशी चमक पडते की खाली उभं राहून कुणालाच तो धड वाचता येत नाही. इस्पितळातल्या निम्म्या सूचना त्यामुळेच कुणी पाळत नाही. शिडीवरून मात्र अक्षर न् अक्षर लख्ख. बाईंनी वाचलं: येत्या सोमवारपासून घड्याळखोली बंद. सर्व घड्याळांना एकाच ठिकाणाहून वेळ पुरवणारं नवं यंत्र संगणक कक्षात बसेल. घड्याळ दुरुस्तीचे कर्मचारी कपड्यांच्या कोठीत वर्ग. 'कर्मचारी' असं अनेकवचनात लिहिलं होतं, पण त्या खात्यात सव्वीस वर्षं बाई एकट्याच.

खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. संगणक कक्षात एक जागा रिकामी आहे, देखभाल विभागातल्या कुणालाही परीक्षा देता येईल, तीन आठवड्यांनी, संधी एकदाच.

बाईंनी घड्याळाला एक हिसका दिला. ते खिळ्यासकट हातात आलं.

या बाईंना मिनिटबाई का म्हणायचे, तेही सांगायला हवं. त्यांचे वडील घड्याळजी. पानपट्टीएवढं दुकान, त्यात तीसेक घड्याळं टांगलेली आणि एकाचं एकाशी पटत नसे. गिऱ्हाईक विचारायचं, "यातलं बरोबर कुठलं?" वडील डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे, "जे तुम्ही पैसे देऊन न्याल ते." पण पोरीला त्यांनी वेगळंच शिकवलं. खरी वेळ आपल्याला ठाऊक नसली तरी चालते, म्हणायचे, कुठलं कुणाच्या किती पुढे आणि किती मागे एवढं पाठ ठेव. पोरगी शाळेतून आली की स्टुलावर उभी राहून घडाघडा म्हणून दाखवायची. दुसऱ्या पोरी पाढे म्हणायच्या, ही घड्याळं म्हणायची.

पुढे इस्पितळात लागली. सात इमारती, सत्तेचाळीस घड्याळं. दर आठवड्याला शिडी खांद्यावर टाकून एक फेरी. घड्याळ लावलं की त्याच्या पाठीवर खडूने एक खूण आणि किती फरक निघाला तो आकडा. खूण असली की त्या फेरीत त्याला पुन्हा हात लावायचा नाही. कुणी म्हणालं, "बाई, पाच मिनिटं थांबता का?" तर म्हणायच्या, "तुमच्या घड्याळाची की माझ्या?" असं नाव पडलं. नवरासुद्धा, बसचा ड्रायव्हर माणूस, घरी फोन करून विचारायचा, "मिनिटबाई आहेत का?"

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या चपला न काढता थेट पलीकडच्या गल्लीत नणंदेकडे. नणंद शाळेत संगणक शिकवते. बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान, जीभ मात्र नऊ वर्षांनी मोठी.

"वन्सं," बाई दारातूनच म्हणाल्या, "मला प्रोग्रॅम लिहायला शिकवा. तीन आठवड्यांत."

नणंद वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं. "वहिनी, तुम्ही मला वन्सं म्हणालात म्हणजे काम मोठं आहे."

"कपड्यांच्या कोठीत टाकतायत मला. चादरी मोजायला."

"आणि पास झालात तर?"

"तर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस माझ्याकडे. शिडीवर न चढता."

"मग चप्पल काढा आणि बसा," नणंद म्हणाली.

पहिला आठवडा रडतखडत गेला. बाईंची बोटं केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणारी, पण कीबोर्डवर एक अक्षर शोधायला अख्खा चष्मा फिरायचा. कंस उघडायच्या आणि मिटायला विसरायच्या. नणंद म्हणायची, "दार उघडं टाकून जाऊ नका." आठव्या दिवशी नवरा ताट घेऊन बसला तर बाई म्हणाल्या, "जर भात संपला तर पोळी वाढा, नाहीतर थांबा." तो म्हणाला, "हे मला सांगितलं की यंत्राला?"

दुसऱ्या आठवड्यात नणंदेने मागच्या परीक्षांचे नमुने आणले. त्यातल्या एका प्रश्नाशी बाईंची नजर अडकली आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. प्रश्न असा: काही घड्याळं आहेत. त्यांच्याबद्दल नोंदी आहेत, अमकं घड्याळ तमक्यापेक्षा इतकी मिनिटं पुढे. या सगळ्या नोंदींचा आपसात मेळ बसतो का, ते सांगा.

"अहो, हे तर बाबांचं दुकान आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. पण यंत्राला कसं सांगाल?"

बाईंनी खडू मागितला. मास्तरीण बाईंच्या घरी खडूला काय तोटा. फरशीवर गोल काढले, एकेक गोल म्हणजे एकेक घड्याळ. ज्या दोघांची नोंद असेल त्यांच्यामध्ये रेघ. मग एका गोलात त्यांनी शून्य लिहिलं.

"हेच का?" नणंदेने विचारलं. "हे बरोबर आहे कशावरून?"

"बरोबर नाही. शून्य म्हणजे जिथून निघाले ते. आता याच्या शेजारचे सगळे रांगेत उभे करायचे, आपल्या केसपेपरच्या रांगेसारखे. ज्याचा नंबर येईल त्याच्याकडे जायचं आणि त्याच्या शेजाऱ्यांवर आकडे लिहायचे. कोऱ्या शेजाऱ्यावर आकडा लिहिला की तोही रांगेच्या शेपटीला."

"आणि शेजारी कोरा नसला तर?"

बाईंनी खडू त्या गोलावर टेकवला. मग हळूच हसल्या. "तर पाठीवरचा आकडा बघायचा. दुसऱ्या वाटेने आले तरी तोच आकडा निघाला पाहिजे. निघाला तर मेळ आहे. नाही निघाला तर कुणीतरी खोटं बोलतंय."

नणंद उठली आणि चहा टाकला. ती न विचारता चहा टाकते तेव्हा शंभरापैकी शंभर समजायचे.

पण फरशीवर जमलं म्हणून यंत्रात जमतंय थोडंच. पहिल्या प्रोग्रॅममध्ये बाई खूण करायलाच विसरल्या. यंत्र पहिल्या घड्याळावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर, असं गरगर फिरत राहिलं. सव्वीस वर्षं खडूशिवाय एक पाऊल न टाकलेली बाई, आणि खडूच विसरली. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. खूण घातली, तर आता साध्या नोंदींवरही 'मेळ नाही' यायला लागलं.

नणंदेने पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही माझ्यापेक्षा किती मोठ्या?"

"नऊ वर्षांनी."

"मग मी तुमच्यापेक्षा?"

"नऊ वर्षांनी आगाऊ."

"लहान," नणंद म्हणाली. "उणे नऊ. इकडून तिकडे जाताना पाच मिनिटं पुढे, तर तिकडून इकडे येताना पाच मिनिटं मागे. तुम्ही दोन्हीकडे पुढेच लिहिलंय."

बाईंनी एक उणे चिन्ह घातलं. एवढीशी आडवी रेघ, सेकंदकाट्यापेक्षा लहान. बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'मेळ बसतो.' बाईंनी नणंदेचा हात असा दाबला की तिची बांगडी वाकडी झाली.

तिसरी खोच बाईंनी स्वतःच पकडली. इस्पितळाचा धुलाईखाना रस्त्यापलीकडे आहे, तिथल्या दोन घड्याळांची इकडच्या एकाशीही कधी तुलना होत नाही. इकडून निघालेली रांग तिकडे पोचणारच नाही, आणि तिकडे घोटाळा असला तर कळायचा कसा? म्हणून रांग संपली की कोरं राहिलेलं घड्याळ शोधायचं, त्याला नवं शून्य द्यायचं आणि पुन्हा निघायचं. नणंदेने हे तपासलं आणि म्हणाली, "हे मी सांगितलं नव्हतं." त्या रात्रभर म्हणे बाई झोपेत हसत होत्या. नवऱ्याची साक्ष आहे.

आता परीक्षेचा दिवस. दहा वाजता सुरू, एक वाजता संपणार. एका खोलीत पाच संगणक, पाच उमेदवार. त्यात वायरमन होता, त्याला सगळे ठिणगी म्हणत. घड्याळखोली बंद झाली तेव्हा बाईंची शिडी त्याच्याच ताब्यात गेली होती. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा.

"मिनिटबाई, किती वाजले?" त्याने आत येताना विचारलं.

"तीन आठवडे कुणी घड्याळाला हात लावलेला नाही. तुम्ही म्हणाल तितके."

परीक्षा घेणारे साहेब तरुण, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. त्यांनी कागद वाटले. बाईंनी वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली. प्रश्न घड्याळांचाच. वर साहेबांनी त्यात खरा माल भरला होता. नवं यंत्र बसायच्या आधी कार्यालयाने सगळ्या विभागांना फोन करून 'तुमचं घड्याळ शेजारच्यांच्या किती पुढे' हे विचारलं होतं, ती सगळी नोंदयादी संगणकात होती. काम एवढंच: प्रोग्रॅम लिहा आणि मुख्य दारावरच्या घड्याळाच्या मानाने प्रत्येक घड्याळ किती पुढे, ते काढा. जोडता येत नसेल त्याच्यापुढे रेघ मारा.

बाईंनी लिहायला घेतलं. शून्य, रांग, खूण, उणे, मेळ. कंस मिटले. साडेअकराला बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'मेळ नाही.'

तेवढ्यात ठिणगीने खुर्ची मागे सारली. "झालं साहेब." सत्तेचाळीस घड्याळांची उत्तरं, धुलाईखान्यापुढे दोन रेघा, सगळं चकाचक. पाठोपाठ बाकीचे तिघेही उठले. बाईंनी कान देऊन ऐकलं, ते दारात एकमेकांना आकडे विचारत होते. कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

खोलीत साहेब आणि बाई, दोघंच उरले.

बाईंना पहिलं वाटलं, आपलंच चुकलंय. ओळ न् ओळ वाचली. उणे होतं. खूण होती. मग त्यांनी यंत्राला विचारलं, कुठं अडलास बाबा? यंत्राने दाखवलं: क्ष-किरण खोली. तिच्यावर प्रयोगशाळेच्या वाटेने आधी एक लिहिलेलं, आणि औषधखिडकीच्या वाटेने आलं तर सात निघतंय.

हे कळल्यावर बाईंना बाकीच्यांचंही कळलं. त्यांच्या प्रोग्रॅमने आकडा एकदा लिहिला की पुन्हा मागे वळून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या वाटेने येऊन ताडून बघायच्या त्या चार ओळी त्यांच्याकडे नव्हत्याच. बाईंनीही त्या चार ओळी पुसल्या असत्या तर सत्तेचाळीस आकडे खळकन पडले असते, हुबेहूब इतरांसारखे. प्रश्नात मेळ तपासा असं कुठं म्हटलं होतं? तासभर उरला होता. पुसायचं बटण करंगळीखालीच. डोळ्यांसमोर चादरींचे गठ्ठे उभे राहिले, मोजलेले, पुन्हा मोजायचे.

करंगळी त्यांनी उचलून घेतली आणि पेन्सिल हातात धरली.

कागदावर चार गोल काढले. औषधखिडकी मुख्य दारापेक्षा दोन मिनिटं पुढे. क्ष-किरण खोली औषधखिडकीपेक्षा पाच पुढे, म्हणजे दारापेक्षा सात. प्रयोगशाळा क्ष-किरणपेक्षा तीन पुढे, म्हणजे दहा. पण मुख्य दारावरच्या पहारेकऱ्याची नोंद होती, प्रयोगशाळा दारापेक्षा चार पुढे. एका वाटेने दहा, एका वाटेने चार. फरक सहाचा.

सहा. बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. चारपैकी कुठल्याच नोंदीत सहा नव्हता. आणि एकदम त्यांना नणंदेचा आवाज ऐकू आला, मी तुमच्यापेक्षा किती? पुढेच्या जागी मागे झालं की चूक एकपट होत नाही, दुप्पट होते. दोनाची नोंद उलटी असती तर फरक चाराचा पडला असता. पाचाची असती तर दहाचा, चाराची असती तर आठाचा. सहाचा फरक पाडणारी चौघांत एकच, तीनची.

बाई उठल्या.

"साहेब, यादी चुकलीय."

साहेबांनी मान वर केली. "यादी कार्यालयाची आहे बाई."

"म्हणूनच म्हणते. प्रयोगशाळा क्ष-किरणच्या तीन मिनिटं पुढे नाही, तीन मिनिटं मागे आहे."

"तुम्ही घड्याळं लावायच्या, तुम्हाला आधीच ठाऊक असेल."

"तीन आठवडे मी त्या बाजूला फिरकलेले नाही. शिडीसुद्धा माझ्याकडे नाही. हे मला या कागदाने सांगितलं." आणि त्यांनी चार गोल साहेबांपुढे ठेवले.

साहेबांनी ते एकदा पाहिले, दुसऱ्यांदा बोट लावून पाहिले. मग खिशाला पेन लावलं. "चला. बघूनच येऊ."

व्हरांड्यात ठिणगी उभा होता, तोही मागे लागला. बाई पुढे, साहेब मागे, असे तिघं निघाले. मलमपट्टीची खोली गेली, औषधखिडकी गेली, ओल्या फरशीवर साहेब एकदा घसरले आणि सावरले. बाईंचं वय बावन्न, गुडघ्याची तक्रार जुनी, पण त्या दिवशी साहेबांना जवळजवळ पळावं लागलं. डोक्यात एकच चाललं होतं: तिकडे घड्याळ पुढे निघालं, तर सरळ चादरी.

क्ष-किरण खोली आणि प्रयोगशाळा समोरासमोर आहेत. दोन्ही दारं उघडी. मधल्या व्हरांड्यात उभं राहिलं की डावीकडे एक घड्याळ, उजवीकडे दुसरं. तिघं तिथं येऊन थांबले. डावीकडे, क्ष-किरणमध्ये, बारा वाजून सतरा. बाईंनी मनगटावर पाहिलं, तिथंही सतरा. मग सगळ्यांनी उजवीकडे मान वळवली.

बारा वाजून चौदा.

ठिणगी हळूच म्हणाला, "आयला."

प्रयोगशाळेतल्या परिचारिकाताई रक्ताच्या नळ्या रचत होत्या. साहेबांनी त्यांना विचारलं, "कार्यालयाचा घड्याळासाठी फोन आला होता, तेव्हा तुम्ही नक्की काय सांगितलं?"

"जे आहे ते सांगितलं," ताई म्हणाल्या. "क्ष-किरणवाल्यांच्या मानाने आमचं तीन मिनिटं पुढे..."

साहेबांचा चेहरा पडला. बाईंचा त्याहून जास्त.

"...करायचंय, कुणाला तरी पाठवा, असं मी म्हणत होते, तर त्या कारकुनाने 'तीन मिनिटं पुढे, बरं' म्हणून फोनच ठेवला. तीन दिवस झाले, कुणी फिरकलं नाही. मी म्हटलं, मिनिटबाई गेल्या आणि इस्पितळाचं घड्याळच गेलं."

मग पहिला ठिणगी हसला, मग ताई, आणि शेवटी साहेबसुद्धा, रुमाल तोंडाला लावून. 'पुढे आहे' आणि 'पुढे करायचंय' यांच्यामध्ये एक शब्द, आणि तेवढा पडल्यावर सहा मिनिटांचं भगदाड.

"म्हणजे माझी उत्तरं चुकली?" ठिणगीने विचारलं.

"तुमची, त्या तिघांची आणि माझीही," साहेब म्हणाले. "मी नमुन्याची उत्तरं याच यादीवरून काढली होती. हे नवं यंत्र त्या आकड्यांवर लावलं असतं, तर क्ष-किरणच्या प्रत्येक फोटोवरची वेळ सहा मिनिटांनी चुकत गेली असती." मग ते बाईंकडे वळले. "त्या ताडून बघायच्या ओळी तुम्ही घातल्या कशा? प्रश्नात तर म्हटलं नव्हतं."

बाईंनी हाताला खडू नसतानाही ओच्याला हात पुसले. बाबांच्या दुकानातलं स्टूल आठवलं बहुतेक.

साहेबांनी तिथंच, नळ्यांच्या टेबलावर वाकून, उमेदवारांच्या यादीत एका नावापुढे खूण केली. "जागा एकच होती आणि ती भरली," ते म्हणाले. "संगणक कक्षात कधीपासून येताय, ते सांगा. दुसरं काही राहिलंय का?"

मिनिटबाईंनी डावीकडचं घड्याळ पाहिलं, उजवीकडचं पाहिलं, आणि ठिणगीकडे वळून हात पुढे केला.

"सोमवारी येते. पण आधी माझी शिडी आणा, हे घड्याळ तीन मिनिटं पुढे करायचंय. आणि साहेब, एवढं वाक्य कार्यालयाला फोनवर सांगू नका."